चौथ्या मजल्याचं पाणी

आमच्या बिल्डिंगचं नाव सागरदर्शन. कळव्यात सागर नाही, खाडी आहे, आणि ती दिसायला गच्चीवरच्या टाकीवर चढावं लागतं. चढायला कुणाची हरकत नव्हती, कारण टाकीत पाणीच नव्हतं.

ब्याण्णव सालची गोष्ट. पंप जळालेला. पहिल्यांदा जळाला तेव्हा वाइंडिंग करून आणला. दुसऱ्यांदा जळाला तेव्हाही आणला. तिसऱ्यांदा दुकानदारानेच हात जोडले. "साहेब, यात आता कंपनीचं फक्त नाव उरलंय," म्हणाला. हा पंप बिल्डरने आम्हाला नवा म्हणून बसवून दिलेला. महापालिकेचं पाणी सकाळी दीड तास खालच्या टाकीत यायचं आणि तिथेच मुक्काम करायचं. वर न्यायचं तर बादली, कळशी आणि स्वतःचे गुडघे.

तळमजला धरून पाच मजले, मजल्याला चार फ्लॅट, एकूण वीस. त्यातले पंधरा आमच्यासारख्यांचे. पाच विकले न गेलेले, बिल्डरच्या कुलपातले: तिसऱ्यावर दोन आणि चौथ्यावर तीन. चौथ्यावर राहणारं माणूस एकच, मनुबाई.

मनुबाई कोळीण. वय पासष्टच्या आसपास, तिलाही नक्की ठाऊक नाही. आज जिथे सागरदर्शन उभी आहे तिथे पूर्वी तिचा नवरा जाळी वाळत घालायचा. नवरा गेला, जागा बिल्डरने घेतली आणि बदल्यात तिला एक फ्लॅट दिला. चौथ्यावर का, तर तिथून खाडी दिसेल आणि लिफ्टने जाता येईल. लिफ्टचं चित्र माहितीपत्रकात होतं. प्रत्यक्षात तिचा खड्डा होता, त्यात आम्ही सायकली ठेवायचो. मनुबाई पहाटे मासळी घेऊन बाजारात बसायची, दुपारी घरी यायची आणि मग कळशीने पाणी चढवायची. बहात्तर पायऱ्या. एका कळशीला ती तीन वेळा बसायची आणि प्रत्येक वेळी बिल्डरच्या खानदानाची विचारपूस करायची.

बिल्डरला सगळे भाऊ म्हणायचे. त्याची बायकोसुद्धा. त्यामुळे त्याचं खरं नाव आम्हाला कधी कळलं नाही.

सोसायटीचे सचिव माझे बाबा, श्रीपाद आठल्ये. एकतीस वर्षं सरकारी कोषागारात काढली, एकाही कागदावर वाचल्याशिवाय सही केली नाही. दुधाच्या कुपनावरसुद्धा चष्मा लावायचे. मी त्यांचा चिरंजीव, वय एकवीस, बी.कॉम.ला दोन विषय राहिलेले, म्हणजे सोसायटीच्या कामाला कायम मोकळा.

पार्किंगमध्ये सभा भरली. खुर्च्या ज्याने त्याने घरून आणलेल्या. ठराव झाला: नवा पंप आणि नवे पाइप मिळून चाळीस हजार, म्हणजे फ्लॅटमागे दोन हजार विशेष वर्गणी. पंधरा घरांनी महिन्याभरात पैसे भरले. पहिली मनुबाईच. नोटांना सुरमईचा वास येत होता, तरी बाबांनी त्या दोनदा मोजल्या. तीस हजार जमले. भाऊंचे दहा राहिले. कंत्राटदार म्हणाला, पूर्ण रक्कम हातात आल्याशिवाय मी पाना उचलत नाही.

पुढच्या सभेत मी सुचवलं, "आपणच थोडे थोडे घालू या ना. घरटी सहाशे सहासष्ट रुपये होतात."

"आणि सदुसष्ट पैसे," बाबा म्हणाले.

"मुळीच नाही!" दुसऱ्या मजल्यावरच्या उत्तरा मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्या शाळेत भूगोल शिकवायच्या आणि सभेत बोलताना अजूनही छडी हातात असल्यासारखा हात धरायच्या. "प्रश्न सहाशे रुपयांचा नाहीये. प्रश्न तत्त्वाचा आहे. बिल्डरच्या फ्लॅटचे पैसे मी का भरू?"

"बरोबर!" चौदा घरं म्हणाली.

"अन् पानी?" मनुबाईने विचारलं.

"मनुबाई, पाण्याचाच विषय चाललाय."

"ईषय चाललाय, पन पानी नाय चालत."

हे कुणी इतिवृत्तात घेतलं नाही.

मग बाबा आणि मी नौपाड्यात भाऊंच्या ऑफिसात गेलो. पंखा, गणपती, काचेखाली परदेशी नोटा. भाऊंनी चहा सांगितला. चहा ते नेहमी सांगायचे. बिल्डिंग झाल्यापासूनच्या चार वर्षांत सोसायटीला त्यांच्याकडून मिळालेली ती एकमेव रक्कम.

"तुमचे पाच फ्लॅट आहेत," बाबा म्हणाले.

"आहेत ना. रिकामे."

"त्यांचा मेंटेनन्स आणि पंपाची विशेष वर्गणी..."

"साहेब, रिकाम्या फ्लॅटला तहान लागते का? कुलूप पाणी पितं का?"

"प्रश्न तहानेचा नाही. मालक आपण आहात."

"मी कुठला मालक? मी तर विकायला बसलोय. मालक यायचाय अजून. आला की घ्या त्याच्याकडून."

"तो कधी येईल?"

"त्याला विचारा."

"भाऊ, मागच्या सभेत गच्ची लग्नाला भाड्याने देण्याच्या ठरावावर आपण पाच मतं दिलीत. त्या दिवशी मालक होतात."

भाऊंनी बाबांकडे मायेने बघितलं. "तो मतदानाचा दिवस होता, साहेब."

बाबांनी पत्रं लिहायला घेतली. 'सा.न.वि.वि.'ने सुरू होणारी आणि 'कळावे, लोभ असावा' म्हणून संपणारी. मधल्या दोन पानांत भाऊंनी कायदा कसा पायदळी तुडवला ते असायचं. मी म्हटलं, बाबा, लोभ असावा काढा, त्याच्याकडे आधीच जास्त आहे. ते म्हणाले, पत्राला शिष्टाचार असतो.

शिष्टाचारावरूनच पुढचं सगळं घडलं.

सोसायटीचा वर्धापनदिन आला. दरवर्षी सत्यनारायण असायचा. कुणीतरी टूम काढली की भाऊंचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, मानपत्र. तर्क असा: सत्कार झाला की सत्कारमूर्तीला उत्तरादाखल दोन शब्द बोलावे लागतात, आणि त्या दोन शब्दांत काहीतरी देणगी जाहीर करायची असते. आजवर कुणी नारळ घेऊन नुसता खाली बसलेला नाही. चारचौघांत, देवासमोर, भाऊ पंपाचे दहा हजार जाहीर करतीलच.

"जो आपले पैसे देत नाही त्याला आपण शाल द्यायची?" मी विचारलं.

"लाजवायचं रे त्याला," उत्तरा मॅडम म्हणाल्या. "वर्गात मी ढ मुलालाच मॉनिटर करते."

मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मोकळा होतो. मी तासाभरात लिहिलं. भाऊंना टोचावं म्हणून मुद्दाम जे जे त्यांनी केलं नाही ते ते केलं असं लिहिलं. मनात म्हटलं, ऐकताना घाम फुटेल लेकाला.

बाबांनी चष्मा लावून वाचलं. "हे खरं नाही."

"बाबा, मानपत्र आहे."

"हो. ते आहे खरं," म्हणून त्यांनी सही केली. आणि सवयीने सोसायटीचा गोल शिक्काही मारला.

पूजेला भाऊ पांढऱ्या सफारीत आले. मी माइकवर वाचलं: "भाऊ, आपण जे बोललात ते केलेत. लिफ्ट असो वा पाणी, सागरदर्शनच्या रहिवाशांना आपण कशाचीही उणीव भासू दिली नाही. सोसायटीचे देणे आपण मागण्यापूर्वीच चुकते केलेत. आज आपल्याकडून आमचे काहीही येणे नाही. उरला आहे तो केवळ आमचा आदर."

घाम मलाच फुटला. भाऊंनी डोळे पुसले. खरोखर पुसले. टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत मनुबाई प्रसादाचा द्रोण हातात धरून बसलेली, तिने टाळी वाजवली नाही.

मग भाऊ उत्तरादाखल उभे राहिले. पंधरा घरं पुढे सरकली.

"एवढं प्रेम मला कुठेच मिळालं नाही," भाऊ म्हणाले. "म्हणून मी आज या सत्यनारायणासमोर जाहीर करतो, की सोसायटीच्या ऑफिसला माझ्यातर्फे..."

कंत्राटदारालाही आम्ही मुद्दाम बोलावलं होतं. तो उठून उभा राहिला.

"...एक भिंतीवरचं घड्याळ!"

आमच्या सोसायटीला ऑफिस नव्हतं. घड्याळ मात्र आठवड्यात आलं. तबकडीवर भाऊंचा फोटो, काटे नाकातून निघालेले. ते जिन्यात लावलं. मनुबाई कळशी घेऊन बसायची त्याच्या बरोबर समोर.

शेवटी बाबांनी ठाण्याला सहकारी संस्थांच्या निबंधकांच्या कार्यालयात तक्रार केली. चार महिन्यांनी सुनावणी लागली. आम्ही ठराव, नोटिसा, पत्रांच्या प्रती, पोहोचपावत्या, सगळं दोन पिशव्यांत भरून नेलं. समोर एक पोक्त साहेब. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं. पत्रंसुद्धा, लोभासकट.

"हे सरळ आहे," ते म्हणाले. "फ्लॅट विकला जात नाही तोवर त्याचा धनी बिल्डरच. तो रिकामा ठेवायचा की त्यात नाचायचं, त्याचा तो बघेल. मेंटेनन्सही त्याचा आणि पंपाची वर्गणीही त्याची. इतरांना जी, तीच त्याला."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. एवढा आनंदी चेहरा मी त्यांच्या पेन्शनच्या दिवशीसुद्धा बघितलेला नाही.

"साहेब, एक मिनिट," भाऊ म्हणाले. त्यांनी बगलेतून एक गाठोडं काढलं. आमची शाल. शालीतून फ्रेम निघाली.

साहेबांनी मानपत्र वाचलं. मग मोठ्याने वाचलं. 'उरला आहे तो केवळ आमचा आदर'ला थोडे थांबले.

"छान लिहिलंय. कुणी लिहिलं?"

मी पंख्याकडे बघत राहिलो.

"सही सचिवांचीच ना?"

"माझीच," बाबा म्हणाले. "पण साहेब, ते मानपत्र आहे. मानपत्रात कुणी खरं लिहीत नाही."

"मग शिक्का कशाला मारलात?"

एकतीस वर्षांत बाबांना कुणी असा प्रश्न विचारला नव्हता.

"पंपाचा ठराव आधीचा," साहेब म्हणाले, "आणि हे नंतरचं. यात तुम्ही म्हणता काही येणं नाही. मी आज वसुलीचा आदेश दिला आणि उद्या हे वर गेलं, तर मला विचारतील. तुम्ही पुन्हा अर्ज करा. मानपत्र खोटं आहे, असं प्रतिज्ञापत्र जोडा."

"मी खोट्या कागदावर सही केली, असं मी लिहून द्यायचं?" बाबांनी विचारलं.

"हो."

बाबांनी पिशव्या उचलल्या. खाली आल्यावर भाऊंनी आम्हाला चहा विचारला.

घरी आलो तेव्हा मनुबाई जिन्याच्या तोंडाशी कळशी टेकवून उभी होती. "काय झालं? लावतान का पंप?"

बाबा पिशव्या घेऊन वर गेले. मी सांगितलं सगळं.

"कुनी लिवलं त्या कागदावर, पानी हाय म्हनून?"

"मी."

मनुबाईने मला शिव्या दिल्या नाहीत. त्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने फक्त भरलेली कळशी माझ्यापुढे केली. "चल. दाव मना कुठं हाय ते."

त्या दिवसापासून रोज दुपारी चार कळश्या मी न्यायचो. बहात्तर पायऱ्या, मध्ये भाऊंचं घड्याळ. लिहिलेल्या एकेका वाक्याचं वजन किती असतं ते मला तेव्हा कळलं. साधारण बारा किलो.

तिकडे नौपाड्यात भाऊंनी मानपत्र गणपतीच्या शेजारी लावलं. येणारं गिऱ्हाईक वाचायचं: लिफ्ट असो वा पाणी, कशाचीही उणीव नाही, खाली सोसायटीची सही आणि शिक्का. असं प्रशस्तिपत्र कुठल्याही बिल्डरकडे नव्हतं. चार वर्षं पडून राहिलेले पाच फ्लॅट बघायला माझ्या वाङ्मयामुळे लोक येऊ लागले.

पहिलं जोडपं आलं त्या दिवशी माझा पेपर होता. मनुबाई खाली कळशी भरून माझी वाट बघत होती. हे मला तिनेच नंतर सांगितलं, रोज सांगितलं.

"कुठं चाल्लाव?"

"चौथ्या मजल्यावर, फ्लॅट बघायला," नवरा म्हणाला. डोंबिवलीचा, बँकेतला, इस्त्रीचा शर्ट.

"मी पन चौथ्याच मजल्यावर ऱ्हाते. मंग ही घ्या, म्हातारीची."

आता म्हाताऱ्या बाईला नाही कोण म्हणणार, तेसुद्धा बायकोसमोर? त्याने कळशी उचलली. दुसऱ्या मजल्यावर त्याचा शर्ट बाहेर आला. चौथ्यावर पोचल्यावर पाच मिनिटं तो भिंतीला धरून उभा होता.

"मावशी," त्याने विचारलं, "इथे पाण्याचं कसं आहे?"

"तुज्या हातात काय हाय?" मनुबाई म्हणाली.

जोडपं फ्लॅट न उघडताच खाली उतरलं.

पुढच्या रविवारी तीन गिऱ्हाइकं आली. त्याच्या पुढच्या रविवारी पाच. मनुबाई बाजारातून लवकर उठून यायची आणि भरलेल्या कळश्या ओळीने मांडून बसायची. एका रिटायर्ड मेजरने दोन हातांत दोन नेल्या आणि वर जाऊन सॅल्यूट ठोकला. फ्लॅट त्यानेही घेतला नाही. मनुबाईचं पिंप भरून वाहायचं. तिने मला कामावरून काढून टाकलं.

हे बघून उत्तरा मॅडमनी सभा बोलवायला लावली.

"गिऱ्हाइकं फक्त चौथ्या मजल्याचंच पाणी का नेतात?" त्यांनी विचारलं. "वाटेत दुसरा मजला लागतो. जिना सामायिक आहे. मग गिऱ्हाइकंही सामायिक. प्रश्न तत्त्वाचा आहे."

"बरोबर!" सभा म्हणाली.

मला वाटलं बाबा हसतील. पण त्यांनी वही उघडून रेघा मारल्या आणि मजल्यावार पाळीपत्रक तयार केलं. पहिल्या रविवारी तिसरा मजला, दुसऱ्या रविवारी दुसरा. मनुबाईला ज्येष्ठ म्हणून एक गिऱ्हाईक कायमचं राखीव. ठराव एकमताने मंजूर. पंपाच्या ठरावाला जे जमलं नाही ते याला जमलं: अंमलबजावणी झाली.

दोन महिन्यांत एकही फ्लॅट विकला गेला नाही. मग एका रविवारी खुद्द भाऊ आले. सोबत मुलुंडचं एक कुटुंब, नवरा-बायको आणि सासरे, टोकन द्यायच्या तयारीत. भाऊंनी मनुबाईला लांबूनच बघितलं आणि घाईने जिन्याकडे वळले. पण मनुबाई माशांच्या बाजारात वाढलेली. गिऱ्हाईक निसटू देणं तिला ठाऊक नव्हतं.

"भाऊ! तुमीच ना ते, आमाला कसलीच उणीव भासू देत नाय?"

सासऱ्यांनी कौतुकाने भाऊंकडे बघितलं. "वाचलं आम्ही ते. फ्रेममधलं."

"तर काय. मोटं मानूस. घ्या भाऊ, ही न्या वर."

भाऊंनी आधी कळशीकडे बघितलं आणि मग मुलुंडकडे. पांढऱ्या सफारीने कळशी उचलली. मी मागून चालत होतो; असा सत्कार चुकवायचा नव्हता. पहिल्या मजल्यापर्यंत ते फ्लॅटच्या दिशांबद्दल बोलत होते, दुसऱ्यावर नुसतंच हं हं. तिसऱ्याच्या वळणावर ते मनुबाईच्या नेहमीच्या पायरीवर बसले. बरोबर समोर घड्याळ. भाऊ भाऊंकडे बघत राहिले. सफारीचा पुढचा भाग पूर्ण भिजलेला.

मुलुंडचे सासरे वाकून म्हणाले, "पंप नाहीये का हो इथे?"

भाऊंनी मला खूण करून जवळ बोलावलं. "काय रे, पंपाचे माझे किती म्हणाला होतात?"

"दहा हजार."

"आणि मेंटेनन्स?"

"तो वेगळा. चार वर्षांचा."

"तो वेगळाच राहू दे," भाऊ म्हणाले, आणि तिथेच पायरीवर चेकबुक काढलं.

बाबांनी पावती लिहायला पाऊण तास घेतला. 'फक्त पंपाच्या विशेष वर्गणीपोटी, अन्य सर्व येणे बाकी' असं लिहिलं, तीनदा वाचलं, आईला वाचायला दिलं, मला मात्र हात लावू दिला नाही. शिक्का दोन वेळा हातात घेतला आणि ठेवला. तिसऱ्यांदा मारला.

"सत्कार वगैरे?" भाऊंनी विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. सा.न.वि.वि.शिवाय त्यांनी भाऊंना दिलेलं ते पहिलं उत्तर.

पंप बसला. भाऊंचे पाचही फ्लॅट सहा आठवड्यांत गेले, चढ्या भावाने. जाहिरातीत लिहिलं होतं: चोवीस तास पाणी. मेंटेनन्सचं विचारलं तर म्हणाले, "आता माझे फ्लॅटच नाहीत, साहेब. नव्या मालकांना विचारा." नवे मालक म्हणाले, आम्ही येण्याआधीचं आम्ही का भरू, प्रश्न तत्त्वाचा आहे. उत्तरा मॅडमना ते लगेच पटलं. बाबांनी सत्ताविसावं पत्र लिहायला घेतलं.

पंप सुरू झाला त्या दुपारी मी चौथ्यावर मनुबाईच्या मोरीत उभा होतो. तिने नळ सोडला. आधी नुसती हवा आली, मग नळ खोकला, तांबडं पाणी आलं, आणि मग स्वच्छ. मनुबाईने त्याखाली हात धरला, बराच वेळ. मग कळशी धरली. ती भरून वाहू लागली तरी तिने नळ बंद केला नाही.

"मनुबाई, वाया जातंय."

"जाऊ दे जरा," ती म्हणाली.

शेवटी तिने नळ बंद केला आणि भरलेली कळशी माझ्यापुढे केली.

"आता ही कुठे न्यायची? पाणी आलंय की."

"खाली ने. तुज्या बापाला दे. कवाचा लिवत बसलाय, घसा सुकला आसंल."

बाबा पहिल्या मजल्यावर, नळ त्यांच्यापासून चार पावलांवर. हे मी तिला सांगणार होतो. मग कळशी उचलली आणि पायऱ्या उतरायला लागलो.